पोकेमॉन बिघडला कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत विश्रामबागला राहतो. पोकेमॉनचे गेम वीसेक वर्षं खेळतोय आणि त्यातली शेवटची पाच-सहा वर्षं त्यांच्यावर चिडून आहे. ही चीड सगळ्यांना माहीत असल्यामुळे भाचरं, त्यांचे मित्र, मित्रांचे आईबाप असे सगळेच तेच तेच प्रश्न पाठवत असतात. दर वेळी नव्यानं टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतोय. प्रश्न शक्यतो आले तसेच ठेवलेत.

१. पोकेमॉन म्हणजे ते पिकाचूचं कार्टूनच ना? त्यात मोठ्या माणसांनी रुसण्यासारखं काय आहे?

आपल्याकडे ते उलट्या क्रमानं आलं, म्हणून असं वाटतं. आपण कार्टून नेटवर्कवर हिंदीत अ‍ॅश-पिकाचू बघितले, चिप्सच्या पुड्यांतले टाझो जमवले, आणि यामागे एखादा गेम आहे हे फार उशिरा कळलं. खरं तर गेम आधीचा. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातातल्या मशीनवर 'रेड' आणि 'ग्रीन' हे गेम आले. कार्टून १९९७ चं. गेमची मुख्य मालिका अजून सुरू आहे, आणि रुसवा तिच्यावर आहे. कार्टूनबद्दल माझी तक्रार नाही, कारण ते मी बघत नाही.

२. गेममध्ये नक्की करायचं काय असतं? नुसतं पकडत सुटायचं?

हा रोल-प्लेइंग गेम आहे. एक छोटा स्टार्टर पोकेमॉन घेऊन गाव सोडायचं, गवतात हिंडून बाकीचे पकडायचे, त्यांना लढवून लेव्हल वाढवायची, आठ जिम लीडर हरवायचे आणि शेवटी चॅम्पियनला गाठायचं. मालिकेचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी किडे पकडायचे. किडे जमवून मित्राशी अदलाबदल करायची, हा गेमचा गाभा. म्हणून तर पहिल्यापासून दोन-दोन आवृत्त्या निघतात: काही पोकेमॉन एकीत नसतात, ते दुसरीवाल्याकडून घ्यायचे. काही तर ट्रेड केल्याशिवाय पुढच्या रूपात जातच नाहीत.

माझं दुखणं इथूनच सुरू होतं. कॉलेज कॉर्नरच्या एका सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन मी एम्युलेटरवर, म्हणजे गेमच्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, 'फायररेड' खेळायचो. सेरुलियन शहराच्या वर पूल ओलांडला की डावीकडच्या गवतात अब्रा सापडतो. त्याला एकच चाल येते, टेलिपोर्ट. म्हणजे तुम्ही काही ठरवेपर्यंत तो गायब. सात-आठ वेळा निसटल्यावर एकदाचा सापडला. सोळाव्या लेव्हलला त्याचा कदाब्रा झाला आणि तिथेच थांबला. अलाकझाम व्हायला ट्रेड लागतो, आणि सायबरमधल्या त्या कॉम्प्युटरला दोन मशीन जोडणारी लिंक केबल कुठून आणायची? त्याचं पुढे काय झालं, ते प्रश्न १५ मध्ये.

३. गाडी नक्की कुठून घसरली?

दहा जणांना विचारा, दहा वर्षं सांगतील, आणि बहुतेक वेळा ते वर्ष त्यांच्या दहावी-बारावीनंतरचं असतं. म्हणून या उत्तरांवर मी सहसा विश्वास ठेवत नाही.

'ब्लॅक' आणि 'व्हाइट'चं उदाहरण घ्या. २०१० मध्ये आले तेव्हा काय बोंबाबोंब झाली होती! आइस्क्रीमचा पोकेमॉन, कचऱ्याच्या पिशवीचा पोकेमॉन, यांची कल्पनाशक्ती संपली वगैरे. गेम संपेपर्यंत जुना एकही भेटत नाही, सगळे १५६ नवे. आज तीच मंडळी त्याला मालिकेतली सर्वांत चांगली कथा म्हणतात. त्यामुळे 'नवीन आवडलं नाही' म्हणजे 'बिघडलं' असं होत नाही.

माझं मत विचाराल तर बीज २०१३ चं आणि पीक २०१९ चं. २०१३ च्या 'एक्स-वाय'मध्ये सगळं थ्रीडी झालं. गेम देखणा, पण गोष्ट संपल्यावर करायला फारसं काही नाही. २०१४ मध्ये 'ओमेगा रुबी' आणि 'अल्फा सफायर' हे रिमेक आले. जुन्या 'एमराल्ड'मध्ये बॅटल फ्रंटियर नावाची सात इमारतींची जागा होती, तिथं मी महिनोन्‌महिने घालवलेत. रिमेकमध्ये ती नव्हती. होतं काय, तर एका हॉलमध्ये तिचं छोटं मॉडेल आणि 'लवकरच बांधणार' असं सांगणारं एक पात्र. भूमिपूजन झालं, नारळ फुटला, काम नाही. आपल्याला याची सवय आहे, पण गेममध्ये अपेक्षा नव्हती.

२०१६ चे 'सन-मून' मला आवडतात. झाड तोडायला, पाणी ओलांडायला संघात एक बिनकामाचा पोकेमॉन वागवावा लागायचा, ती कटकट त्यांनी काढून टाकली. बिघडण्याच्या यादीत सुधारणाही लिहाव्यात.

४. ते 'डेक्सिट' प्रकरण काय होतं?

२०१९ पर्यंत एक अलिखित वचन होतं: तुमचा जुना पोकेमॉन कधी ना कधी नव्या गेममध्ये आणता येईल. जून २०१९ मध्ये, ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनाच्या वेळी, निर्माते जुनिची मासुदा यांनी सांगितलं की येणाऱ्या 'स्वॉर्ड' आणि 'शील्ड'मध्ये सगळे पोकेमॉन नसतील. जे गेमच्या यादीत आहेत तेवढेच आत येतील. कारणं दोन दिली: अ‍ॅनिमेशनचा दर्जा आणि लढतींचा समतोल. पोकेमॉनच्या यादीला गेममध्ये पोकेडेक्स म्हणतात, म्हणून ब्रेक्झिटच्या चालीवर चाहत्यांनी याला डेक्सिट नाव दिलं.

राग नुसत्या आकड्याचा नव्हता. मूळ गेममध्ये चारशे पोकेमॉन होते, आणि खेळायला चारशे भरपूर झाले. राग दिलेल्या कारणाचा होता. अ‍ॅनिमेशनसाठी कात्री लावली म्हणता, आणि पडद्यावर बऱ्याच हालचाली जुन्याच दिसतात. एका झाडाचं चित्र तेव्हा फार फिरलं. १९९८ च्या एका गेममधल्या झाडाशेजारी २०१९ चं झाड ठेवलेलं, आणि कुठलं नवं ते पटकन ओळखू येऊ नये. चित्र थोडं लबाडीचंच होतं, कारण एका झाडावरून गेम ठरत नाही. पण लोकांच्या मनात बसलं ते बसलंच.

२०२० मध्ये दोन डीएलसी (पैसे देऊन गेमला जोडायचे जादा भाग) आले आणि दोनशेहून जास्त जुने परतले. 'आमचेच पोकेमॉन आम्हाला परत विकले' असं अजून ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. डीएलसी न घेणाऱ्यांनाही फुकट अपडेटनंतर ते पोकेमॉन ट्रेडनं घेता येत होते. नव्या बेटावर जाऊन स्वतः पकडायचे असतील, तर मात्र तीस डॉलर.

५. पण जुने पोकेमॉन मागे राहणं हे आधीही झालं होतं ना?

झालं होतं, आणि हा मुद्दा काढणारा माणूस जाणकार असतो. २००२ च्या 'रुबी-सफायर'मध्ये 'गोल्ड-सिल्व्हर'मधला एकही पोकेमॉन आणता येत नव्हता. आतली सगळी रचनाच बदलली होती. त्या अर्थानं पहिला डेक्सिट तोच.

फरक एवढाच की 'रुबी-सफायर'च्या कार्ट्रिजमध्ये सगळ्या ३८६ पोकेमॉनची माहिती होती. नुसते सापडत नव्हते. 'फायररेड' आल्यावर तिकडून ट्रेड केले की गेम त्यांना निमूट ओळखायचा. २०१९ मध्ये दारावर नाव विचारून परत पाठवलं.

६. 'स्कार्लेट-व्हायोलेट' खरंच इतका वाईट होता, की लोक उगीच ओरडतात?

दोन्ही. १८ नोव्हेंबर २०२२ ला आलेला हा मालिकेतला पहिला पूर्ण मोकळा नकाशा. कुठेही जा, कुठल्याही क्रमानं जिम करा. आणि पहिल्याच दिवसापासून तो अडखळत होता. पात्रं जमिनीत रुतायची, कॅमेरा डोंगराच्या पोटात शिरायचा, दूरवरची माणसं एक पाऊल टाकून थबकायची. एका गावात मागे पवनचक्क्या आहेत. त्यांची पाती फिरत नव्हती, एकेक फोटो बदलावा तशी सरकत होती. आमच्या ढालगावच्या माळावर वारा पडलेला असतानाही पाती यापेक्षा बरी फिरतात. पंधरवड्यात पहिलं मोठं अपडेट आलं, तेव्हा निन्टेन्डोनं गैरसोयीबद्दल माफी मागितली. गेम खऱ्या अर्थानं सुरळीत धावायला लागला तो जून २०२५ मध्ये, निन्टेन्डोच्या नव्या स्विच टू या मशीनवर. अपडेट फुकट होतं, त्यासाठीचं मशीन नव्हतं.

दुसरी चूक कमी बोलली जाते आणि मला ती जास्त खुपते. कुठल्याही क्रमानं जा म्हणतात, पण जिम लीडरची लेव्हल तुमच्याप्रमाणे बदलत नाही. म्हणजे क्रम ठरलेलाच आहे, फक्त तो सांगितलेला नाही. चुकून आधी अवघड जिमला गेलात तर मार खाता, आणि नंतर सोप्याकडे परतलात तर दोन मिनिटांत काम तमाम.

आता दुसरी बाजू. आर्व्हन नावाचा मुलगा आपल्या आजारी कुत्र्यासाठी औषधी वनस्पती शोधत फिरतो, ते कथानक या मालिकेत मी पाहिलेलं सर्वांत हळवं आहे. शेवटाला मी चष्मा पुसला. असा गेम अशा अवस्थेत बाहेर आला, म्हणूनच राग येतो. टाकाऊ असता तर विसरलो असतो.

७. एवढा पैसा असताना गेम अर्धवट का येतात?

पैसा कमी पडत नाही, वेळ कमी पडतो. गेल्या दशकातल्या तारखा बघा: १८ नोव्हेंबर २०१६, १७ नोव्हेंबर २०१७, १६ नोव्हेंबर २०१८, १५ नोव्हेंबर २०१९. सगळे शुक्रवार, सगळे नाताळच्या खरेदीच्या तोंडावर. पोकेमॉन हा नुसता गेम नाही. गेमची नवी पिढी आली की नवं कार्टून, नवे पत्ते, नवी खेळणी, सगळ्यांना एकदम निघायचं असतं. गणेशचतुर्थीला मूर्ती द्यायचीच असते, रंग वाळो न वाळो. इथंही तारीख आधी ठरते आणि गेम तिच्या मापात कापला जातो.

त्यात २०२२ मध्ये एकाच वर्षात दोन मोठे गेम आले: जानेवारीत 'लेजंड्स आर्सिअस' आणि नोव्हेंबरात 'स्कार्लेट-व्हायोलेट'. दोन्ही गेम फ्रीक या एकाच स्टुडिओचे. लोक समजतात तशी गेम फ्रीक निन्टेन्डोच्या मालकीची नाही. ती स्वतंत्र कंपनी आहे, आणि पोकेमॉनचे हक्क निन्टेन्डो, गेम फ्रीक आणि क्रीचर्स अशा तिघांत आहेत. तिघांच्या संसारात 'एक वर्ष थांबूया' कुणी म्हणायचं?

२०२४ मध्ये मुख्य मालिकेतला एकही गेम आला नाही, आणि मला बरं वाटलं. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये 'लेजंड्स झेड-ए' आला. लढाई पाळीपाळीनं न होता थेट चालते, आणि ते मस्त जमलंय. पण सगळा गेम एकाच शहरात, आणि त्या शहरातल्या खिडक्या-बाल्कन्या भिंतीवर चिकटवलेल्या पोस्टरसारख्या सपाट. वर मूळ गेम यायच्या आधीच त्याच्या पैशाच्या डीएलसीची जाहिरात. जेवण वाढायच्या आधी आइस्क्रीमचं बिल.

८. गेम सोपे झालेत की आपण मोठे झालो?

बरंचसं आपण मोठे झालो. पण सगळं नाही, आणि जे उरतं ते मोजता येतं. पूर्वी एक्सपी शेअर ही वस्तू एका पोकेमॉनला द्यायची, त्याला न लढता अनुभव मिळायचा. २०१३ पासून तो सगळ्या संघाला मिळू लागला, पण बंद करायची सोय होती. 'स्वॉर्ड-शील्ड'पासून बंद करताच येत नाही. 'स्कार्लेट-व्हायोलेट'मध्ये तर समोरच्याचा पोकेमॉन पडल्यावर आपला फुकटात बदलू न देणारा 'सेट' पर्यायही काढून टाकला. अवघड करून खेळायची इच्छा असलेल्या माणसाचे हात बांधायचं कारण मला आजवर कळलेलं नाही.

यातली गंमत म्हणजे कंपनीनं एकदा अवघड मोड दिला होता. २०१२ च्या 'ब्लॅक २'मध्ये. तो उघडायचा कधी, तर गेम पूर्ण जिंकल्यावर!

९. जुने गेम निर्दोष होते, हे तरी मान्य आहे ना?

मुळीच नाही. 'रेड'मध्ये भूत प्रकारच्या चालींचा मानसिक प्रकारावर काहीच परिणाम होत नसे, आणि गेममधलीच पात्रं नेमकं उलट सांगायची. वर्मी घाव बसण्याची शक्यता वाढवायची एक चाल ती उलट कमी करायची. मिसिंगनो नावाचा तुटका पोकेमॉन तर चुकीतूनच जन्मला आणि दंतकथा झाला. पण त्या चुका सापडल्या की शाळेत सांगायला मजा यायची. आजच्या चुकांत मजा नाही, नुसता लॅग आहे. हा निवाडा न्याय्य आहे की माझं वय बोलतंय, ते तुम्ही ठरवा.

१०. इतक्या शिव्या देता, मग विकत का घेता?

हा प्रश्न बायको विचारते. 'स्कार्लेट-व्हायोलेट' पहिल्या तीन दिवसांत एक कोटी खपला. त्या कोटीत मीही आहे. असा खप बघून तारीख पुढे ढकलायची बुद्धी कुणाला होईल? हल्ली मी पहिल्या आठवड्यात घेत नाही, दोन अपडेट येऊ देतो. माझ्या एका नगानं त्यांना फरक पडत नाही, मला पडतो.

११. सांगलीत हे गेम मिळतात का? खरा-खोटा कसा ओळखायचा?

निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विक्री करत नाही. स्विच आणि त्याचे गेम जे मिळतात ते बाहेरून आणलेले, म्हणून वॉरंटीची आशा धरू नका. ऑनलाइन दुकानातही भारत हा देश नाही. खात्याला दुसरा देश लावावा लागतो, आणि आपलं कार्ड चालेलच असं नाही, मग गिफ्ट कार्ड. स्विचची कार्ट्रिज कुठल्याही देशाची चालतात. साठ डॉलरचा गेम पाच हजारांच्या पुढेमागे पडतो, आणि जुना झाला म्हणून स्वस्त होत नाही.

जुन्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या कार्ट्रिजमध्ये मात्र सांभाळा. मिरज स्टेशनबाहेर एकाकडून मी 'एमराल्ड' घेतला होता. आठ जिम झाली, चॅम्पियन हरवला, आणि दुसऱ्या दिवशी सेव्ह गायब. नकली होता. खऱ्या कार्ट्रिजच्या लेबलवर दाबून उमटवलेले बारीक आकडे असतात, उजेडात तिरपं धरलं की दिसतात. आणि खालच्या फटीत, सोनेरी पट्ट्यांच्या वर, निन्टेन्डोचं नाव छापलेलं असतं.

१२. माझ्याकडे जुन्या गेममधले पोकेमॉन आहेत. नव्या गेममध्ये नेता येतील?

गेम बॉयच्या मूळ 'रेड' किंवा 'गोल्ड' कार्ट्रिजमधले असतील तर नाही, रस्ताच नाही. शिवाय त्यांची सेव्ह आतल्या बॅटरीवर चालते, ती संपली की सगळं पुसलं जातं. आधी तपासा.

'रुबी' ते 'एमराल्ड' आणि 'फायररेड'मधले असतील तर रस्ता आहे, पण मिरज जंक्शनला गाडी बदलल्यासारखा, तोही चार वेळा. आधी अ‍ॅडव्हान्सचं कार्ट्रिज बसणाऱ्या निन्टेन्डोच्या जुन्या डीएस मशीनवरून 'डायमंड-पर्ल'च्या पिढीत, तिथून 'ब्लॅक-व्हाइट'मध्ये, मग थ्रीडीएसवरून पोकेमॉन साठवायच्या बँक या अ‍ॅपमध्ये, आणि बँकेतून होम या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये. सगळीकडे एकेरी वाहतूक, परतीचं तिकीट नाही. थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, त्यामुळे बँक आधी कधीच उतरवून घेतली नसेल तर गाडी तिथंच सुटली. होममध्ये फुकट खात्याला तीसच जागा मिळतात. आणि तिथून पुढे कुठल्या गेममध्ये कोण शिरू शकतो, त्यासाठी पुन्हा प्रश्न ४.

१३. दादा, मोबाइलवर फुकट खेळलं तर चालतं का? चाहत्यांनी बनवलेले गेम जास्त भारी आहेत म्हणे?

कायद्यानं विचारत असशील तर दुसऱ्याच्या गेमची फुकट उतरवलेली रॉम, म्हणजे कार्ट्रिजची नक्कल केलेली फाइल, चालत नाही. मी सायबरमध्ये तेच केलं, म्हणून तुला उपदेश करायचा मला हक्क नाही. उत्तर मात्र तेच राहतं.

चाहत्यांच्या गेमबद्दल तुझं बरोबर आहे. कठीण लढती, बंद करता येणारे पर्याय, आम्ही मागतो ते सगळं तिथं असतं. पण 'युरेनियम'चं काय झालं ते वाच. नऊ वर्षं खपून बनवलेला गेम ऑगस्ट २०१६ मध्ये आला, काही दिवसांतच कायदेशीर नोटिसा निघाल्या आणि बनवणाऱ्यांनी तो काढून घेतला. राजरोस काही हवं असेल तर २०२३ चा 'कॅसेट बीस्ट्स' घे. त्यात राक्षस पकडत नाहीत, कॅसेटवर रेकॉर्ड करतात.

१४. मुलगा नऊ वर्षांचा आहे. कुठला गेम घेऊन देऊ?

२०१८ चा 'लेट्स गो पिकाचू'. सोपा आहे, आणि दुसरं रिमोट हातात घेऊन तुम्हालाही बरोबर खेळता येतं. मराठी किंवा हिंदी भाषा नाही, वाचून दाखवावं लागेल. मी बरीच इंग्रजी अशीच शिकलो. 'पॅरलाइझ्ड'चा अर्थ मला सातवीत येत होता, स्पेलिंगसकट. माझ्या तक्रारी मुलाला सांगू नका. त्याचा हा पहिला गेम आहे.

१५. तुझा तो कदाब्रा शेवटी अलाकझाम झाला का?

तोच कदाब्रा नाही झाला. सायबरवाल्यानं एका रविवारी मशीन फॉरमॅट केलं आणि सेव्ह गेली. 'स्वॉर्ड' घेतला तर मूळ गेमच्या यादीत अब्राच नाही.

जानेवारी २०२२ मध्ये 'लेजंड्स आर्सिअस' आला. त्यात लिंकिंग कॉर्ड नावाची वस्तू मिळते: ती वापरली की ट्रेडवाले पोकेमॉन एकट्यानंच पुढच्या रूपात जातात. केबल नको, समोर माणूस नको. अब्रा पकडला, कदाब्रा केला, कॉर्ड वापरली, आणि रात्री साडेअकराला अलाकझाम दोन्ही हातांत चमचे धरून उभा राहिला. घरात सगळे झोपलेले.

दिवाळीत भाचा पुण्याहून आला तेव्हा त्याला म्हटलं, आपण तो खराखुरा ट्रेड करून बघू, मी पाठवतो, तू परत पाठव. मी पाठवला. तो अजून त्याच्याकडेच आहे.